सात आठवड्यांची लेक, पाच दिवस शी नाही आणि घरात चार मतं

मृण्मयी_कोथरूड | २२ जुलै २०२५, रात्री २.५०

लेक काल सात आठवड्यांची झाली. पूर्णपणे अंगावरच्या दुधावर आहे. जन्मली तेव्हा २.९ किलो होती, मागच्या आठवड्यात दवाखान्यात ४.२ भरली. पहिला महिनाभर दिवसाला सात-आठ वेळा शी व्हायची, कधी दूध पिता पिताच. आता गेल्या गुरुवारपासून एकदाही नाही. शू भरपूर आहे, दूधही नीट पिते.

पण कुंथते फार. चेहरा लालबुंद होतो, पाय पोटाशी घेते, दहा-पंधरा मिनिटं रडते आणि शेवटी नुसता वारा सरतो. शिवाय संध्याकाळी सात ते दहाचं रडणं वेगळंच. उचला, फिरवा, पाजा, काही चालत नाही.

सासूबाई साताऱ्याहून मदतीला आल्यात. त्या म्हणतात विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लाव, लगेच होईल. आई म्हणते घुटी सुरू कर, तुलाही दिली होती. नणंदेने ग्राइप वॉटर पाठवलंय. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मते मी वांगं-बटाटा खाल्ला, त्याचा हा गॅस. आणि नवरा औषधाच्या दुकानातून पोटदुखीचे थेंब घेऊन आलाय, ती बाटली अजून फोडलेली नाही.

सगळे मायेपोटीच सांगतायत, मला कुणाला दुखवायचं नाही. पण एवढ्याशा पोटात काहीही घालण्याआधी आत नेमकं काय चाललंय ते मला समजून घ्यायचं आहे. कुणी नीट सांगेल का?

निनाद_वारजे | २२ जुलै, सकाळी ६.१५

दोन मुलांचा बाप आहे, म्हणून एकच गोष्ट सांगतो. एक वही करा. किती वाजता पाजलं, शू किती वेळा, शी कधी आणि कुठल्या रंगाची, रडणं कधी सुरू झालं आणि कधी थांबलं. रात्री तीन वाजता सगळंच भयंकर वाटतं आणि सकाळी डॉक्टरांनी विचारलं की काही आठवत नाही. आमच्या थोरल्याच्या वेळी बायको म्हणायची हा दिवसभर रडतो. वहीत पाहिलं तर रोज साडेसात ते साडेनऊ. ते कळल्यावर त्या वेळेआधी आम्ही दोघं जेवून घ्यायचो आणि आळीपाळीने त्याला घेऊन गच्चीत फिरायचो. रडणं तेवढंच राहिलं, पण आम्हाला ते झेपायला लागलं.

कसबापेठ | २२ जुलै, सकाळी ८.४०

मी तीस वर्षं बालरोगाची ओपीडी केली, आता निवृत्त आहे. इथून निदान करता येत नाही आणि करणारही नाही. आधी काही प्रश्न. जन्मानंतरची पहिली काळी चिकट शी किती तासांत झाली? शेवटची शी कुठल्या रंगाची होती? उलटी होते का, त्यात हिरवा रंग दिसला का? पोट फुगून टणक लागतं का? ताप आहे? सहाव्या आठवड्याच्या लसी झाल्या, त्यात रोटाव्हायरसचा तोंडावाटे देतात तो डोस होता ना?

आणि ती थेंबांची बाटली फोडू नका. मागे बारीक अक्षरात डायसायक्लोमाइन लिहिलंय का बघा.

मृण्मयी_कोथरूड | २२ जुलै, सकाळी ९.३०

पहिली शी त्याच दिवशी झाली. शेवटची पिवळी, मोहरी भरडल्यासारखी. थोडं दूध काढते, पण पांढरंच. पोट मऊ आहे, ताप नाही, लसी सगळ्या झाल्या, तो डोसही. बाटलीवर डायसायक्लोमाइन आहे.

कसबापेठ | २२ जुलै, सकाळी ११.०५

मग ती बाटली आजच दुकानदाराला परत करा. ते औषध सहा महिन्यांखालच्या बाळाला देऊ नये, लहान बाळांचा श्वास मंदावण्याचा धोका असतो. पोटदुखीचे थेंब म्हणून काउंटरवरून सहज मिळतं, हे मला वर्षानुवर्षं खुपत आलं आहे.

तुम्ही दिलेली उत्तरं दिलासा देणारी आहेत. सात आठवड्यांत १.३ किलो वजन वाढलं म्हणजे दिवसाला २५-३० ग्रॅम, जसं वाढायला हवं तसं. तरी या आठवड्यात एकदा तुमच्या डॉक्टरांना पोट दाखवून या. आता काय चाललंय ते सांगतो.

जन्मानंतर बाळाचं पोट भरलं की मोठं आतडं लगेच हलायला लागतं, म्हणून सुरुवातीला दूध पिता पिता शी होते. सहा आठवड्यांच्या आसपास ही प्रतिक्रिया मंदावते. आईचं दूध जवळजवळ पूर्ण शोषलं जातं, बाहेर टाकायला फारसं उरत नाही. त्यामुळे अंगावर पिणारं बाळ या वयात कधी चार दिवस, कधी आठवडाभरही शी करत नाही, आणि करतं तेव्हा ती मऊच असते. याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत. बद्धकोष्ठ शीच्या कडकपणावरून ठरतं, मध्ये किती दिवस गेले त्यावरून नाही. (वरच्या दुधावरच्या बाळाला हा हिशेब लावू नका. तिथे शी कडक व्हायचं एक नेहमीचं कारण म्हणजे डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा पावडर जास्त आणि पाणी कमी.)

आता कुंथणं. शी बाहेर टाकायला दोन गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात: पोटाचे स्नायू आवळायचे आणि खालचा स्नायू सैल सोडायचा. बाळाला हे अजून जुळवता येत नाही. ते वरून जोर लावतं आणि खालूनही आवळून धरतं. रडतं, कारण रडण्यानेच त्याच्या पोटात दाब तयार होतो. ही शिकण्याची धडपड आहे, काही आठवड्यांत जमतं. देठ लावला की शी होते हे खरंच आहे, सासूबाई चुकीचं पाहत नाहीत. पण मग स्नायू सैल सोडायला बाळ स्वतः शिकत नाही, बाहेरच्या स्पर्शाची वाट पाहतं. आणि ती जागा फार नाजूक असते, चीर पडू शकते. साबणाची वडीही नको.

संध्याकाळच्या रडण्याला आम्ही कोलिक म्हणतो. बाळ निरोगी असून दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त, असं तीन आठवड्यांहून अधिक काळ रडलं तर ते कोलिक, ही व्याख्या १९५४ सालची आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप जातं. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात जे काही औषध सुरू करावं, त्याला चौथ्या महिन्यात यश मिळतं. ग्राइप वॉटरची सगळी कीर्ती मला तरी अशीच मिळालेली वाटते.

सदाशिवपेठची_आजी | २२ जुलै, दुपारी ४.२०

मृण्मयी, बाई गं, आधी तू जेवलीस का? बाळाच्या पोटाचं सगळे बघतात, बाळंतिणीच्या पोटाचं कुणी विचारत नाही.

मी माझ्या तीन मुलांना आणि दोन नातवंडांना घुटी दिली. सहाण धुवून, हळकुंड, सुंठ, हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, ज्येष्ठमध, ज्याचे त्याचे मोजून वेढे. एक वेढा कुणाचा, अर्धा कुणाचा, हे माझ्या सासूबाईंनी हाताला धरून शिकवलं होतं. मुलं गुटगुटीत झाली. डॉक्टर, मी वाद घालत नाही. पण आमच्या हातून मुलांचं वाईट होत होतं का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

कसबापेठ | २२ जुलै, रात्री ९.००

आजी, नाही. तुम्ही हाताने मोजत होतात, सहाण धूत होतात, आणि बाळाला सगळं कोमट, ताजं मिळत होतं. पण ओपीडीत माझ्याकडे दुसरी बाजूही यायची. जायफळाचा वेढा जास्त पडल्याने दिवसभर गुंगीत असलेलं बाळ. वेखंडाने उलट्या लागलेलं बाळ. सहाणेला भेग होती, त्यात कालचं वाळलेलं राहिलं, पाणी न उकळलेलं, आणि बाळाला जुलाब. वेढ्याला मात्रा नसते: हात बदलला की मात्रा बदलते, कांडी ओली आहे की सुकी त्यावरही बदलते. दीड महिन्याच्या बाळाला तेवढा फरकही खूप असतो.

शिवाय आईच्या दुधात जे आहे त्याची बरोबरी घुटीला करता येत नाही. लॅक्टोज आणि स्निग्धांश सोडले तर आईच्या दुधातला तिसरा मोठा घटक अशा साखरांचा आहे ज्या बाळाला पचतच नाहीत. मग कशाला असतात? त्या आतड्यातल्या बायफिडो जिवाणूंचं अन्न आहेत. दूध जेवढं बाळासाठी आहे तेवढंच त्याच्या आतड्यात वस्तीला येणाऱ्या जिवाणूंसाठीही. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत हे जिवाणू पॅरिसमध्ये १८९९ साली पहिल्यांदा दिसले. शीला जो आंबूस वास येतो तो त्यांच्याच कामाचा. म्हणून सहा महिने पूर्ण होईपर्यंत दूधच, वरून पाणीही नाही, असं आम्ही इतक्या आग्रहाने सांगतो. व्हिटॅमिन डीचे थेंब तेवढे अपवाद, आणि डॉक्टरांनी दिलं तर औषध.

मध मात्र वर्षभर बोटानेही चाटवू नका. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. त्या आजाराचं पहिलं लक्षण पुष्कळदा शी बंद होणं हेच असतं, मग बाळ ढिलं पडतं. म्हणून मृण्मयी, तुम्हालाही विचारतो, मध चाटवला नाही ना?

मृण्मयी_कोथरूड | २२ जुलै, रात्री ९.४५

नाही, बारशालाही नाही. सासूबाईंना वरचं सगळं वाचून दाखवलं. देठाचं त्यांना पटलं, घुटीचं आईला फोनवर समजावते आहे. आजी, जेवले. तुम्ही विचारलंत आणि डोळ्यांत पाणी आलं.

रानजाई | २३ जुलै, दुपारी १.१०

स्तनपानासाठी आयांना मदत करते, म्हणून वांग्या-बटाट्याबद्दल. आईच्या आतड्यातला गॅस दुधात उतरत नाही. मेथी-लसणाचा वास दुधाला येतो, पण त्याने बाळाचं पोट बिघडत नाही. उलट सहा महिन्यांनी तीच चव ताटात आली की ओळखीची वाटते. अळिवाचे लाडू, शेपू, खसखशीची खीर आवडीने खा, पण बाकीचं बंद करून अर्धपोटी राहू नकोस. एक खरा अपवाद आहे: बाळाच्या शीत रक्त किंवा शेंबडासारखा चिकट भाग सारखा दिसला तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. तेव्हा डॉक्टर आईलाच काही आठवडे दूध-दही बंद करायला सांगतात. हे मनाने करायचं नाही.

पोटासाठी हाताने करता येण्यासारखं पुष्कळ आहे. पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं. दूध पचल्यावर बेंबीभोवती बाळाच्या उजवीकडून डावीकडे, घड्याळाच्या काट्याप्रमाणे तेलाचा हात फिरवणं, कारण मोठं आतडं त्याच दिशेने वळतं. पाय सायकलसारखे हलवणं. जागेपणी, कुणी समोर असताना पोटावर निजवणं. हे सासूबाईंकडे सोपव. त्यांच्या हाताला सवय आहे आणि त्यांना काहीतरी द्यायचं आहे. फक्त ओवा-वावडिंगाची धुरी नको, तो धूर बाळाच्या फुप्फुसात जातो.

निशिगंध | २३ जुलै, रात्री ११.३०

मृण्मयी, तुझ्या लेकीचं सगळं ठीक दिसतंय, म्हणून तुला घाबरवायला हे लिहीत नाही. हा धागा उद्या कुणी रात्री उघडेल, तिच्यासाठी लिहिते.

डॉक्टरांनी पहिल्याच प्रश्नांत रंग विचारला. मला माझ्या मुलाच्या वेळी कुणी विचारला नाही. तो आता सहा वर्षांचा आहे. जन्मल्यावर त्याला कावीळ होती, सगळ्याच बाळांना होते म्हणून कोवळ्या उन्हात धरा असं सांगितलं. दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे होते. पुन्हा तेच उत्तर मिळालं. तो छान प्यायचा, हसायचा, वजनही वाढत होतं. पण त्याची शी हळूहळू फिकट होत गेली. आधी पिवळी, मग सायीसारखी, मग भिंतीला लांबी लावतात तशी. घरात सगळे म्हणायचे, दुधावर आहे, दुधासारखीच होणार. मीही तेच मानलं. शू मात्र इतकी गडद की दुपट्यावरचे डाग धुऊन जायचे नाहीत.

सातव्या आठवड्यात माझी एक चुलत बहीण, नर्स आहे, भेटायला आली. तिने दुपटं बदललं आणि तिथल्या तिथे गप्प झाली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याचा, डायरेक्ट भाग वाढलेला. बिलिअरी अट्रेझिया. यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्या बंद झालेल्या असतात. शीला पिवळा रंग पित्ताचाच असतो. पित्त आतड्यात उतरलंच नाही तर शी पांढरी होते, आणि ते पित्त यकृतात साठून यकृत खराब करतं. यावर कासाई नावाची शस्त्रक्रिया करतात, आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडतात. ती साठ दिवसांच्या आत झाली तर यश येण्याची शक्यता जास्त असते. माझ्या मुलाची छप्पन्नाव्या दिवशी झाली.

तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड असतं, आई दुपटं शेजारी धरून रंग जुळवते. एवढा साधा कागद. माझ्या घरी असता तर चार आठवडे वाचले असते. दोन आठवड्यांनंतर कावीळ दिसली किंवा शी पांढुरकी, मातकट दिसली तर त्याच दिवशी जा आणि डायरेक्ट बिलिरुबिन तपासा असं स्वतः म्हणा. बाळ हसतंय म्हणून थांबू नका.

कसबापेठ | २४ जुलै, सकाळी ७.५०

निशिगंध, हे लिहिल्याबद्दल आभार. हिरव्या, काळपट-हिरव्या किंवा पिवळ्या शीची काळजी नको, पहिले दिवस सोडून काळी, तसंच लाल आणि पांढरी शी दाखवायची. उलटीत मात्र उलटं आहे: पांढरी चालते, हिरवी अजिबात नाही. हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. सकाळची वाट न पाहता, त्या तासाला रुग्णालय गाठायचं.

मृण्मयी_कोथरूड | २५ जुलै, पहाटे ५.२०

झाली! सातव्या-आठव्या दिवशी, मऊ, पिवळी. मानेपर्यंत. सासूबाईंनी रंग आधी पाहिला, मग आंघोळ घातली. काल दवाखान्यातही पोट तपासून आणलं, ठीक आहे म्हणाले.

मृण्मयी_कोथरूड | १८ सप्टेंबर २०२५

संध्याकाळचं रडणं गेलं. कधी गेलं कळलंही नाही, वहीतल्या नोंदी आपोआप कमी झाल्या. आता पाजलं की अर्ध्या तासाने फाटलेल्या दुधासारखं काढते. दिवसाला चार झबली बदलते. वजन ६ किलो.

रानजाई | १८ सप्टेंबर

अन्ननळी आणि जठर यांच्यामधला स्नायू अजून सैल असतो, आहार पातळ आणि बाळ सदा आडवं. जठरातल्या आम्लाने दूध फाटतंच, ते पचायला लागल्याची खूण आहे. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वात जास्त असतं, बसायला लागली की कमी होतं, वर्षापर्यंत बहुतेकांचं थांबतं. पाजल्यावर वीसेक मिनिटं उभी धर. झोपवताना मात्र पाठीवरच, सपाट, उशी न लावता. वजन थांबलं, कारंज्यासारखी जोरात उलटी व्हायला लागली किंवा पिताना कळवळायला लागली तर दाखव.

मृण्मयी_कोथरूड | २४ डिसेंबर २०२५

७ तारखेला उष्टावण झालं, मामाच्या मांडीवर. तेव्हापासून भाताची पेज, मुगाच्या वरणाचं पाणी आणि केळं देते आहे. आता शी खरोखरच कडक, लेंडीसारखी. आज करताना रडली. यावेळी शिकण्याची धडपड नाही हे मलाही कळतंय.

सदाशिवपेठची_आजी | २४ डिसेंबर

वरणाचं पाणी नको गं, वरण दे. पाण्यात काय आहे? घट्ट मूग घोट आणि वर चमचाभर साजूक तूप सोड. दोन-तीन मनुका रात्री भिजत घालून सकाळी कुस्करून, गाळून. लाल भोपळा वाफवून दे. पपई मिळाली तर फारच छान. आणि जेवणाबरोबर दोन-चार चमचे पाणी पाजतेस का?

मृण्मयी_कोथरूड | २४ डिसेंबर

पाणी! सहा महिने पाणी नाही हे इतकं डोक्यात बसलं की सुरूच केलं नाही.

कसबापेठ | २४ डिसेंबर, रात्री

आजींनी सगळं सांगितलं आहे. मी फक्त कारणं जोडतो. सहा महिन्यांपर्यंत पिष्ट पदार्थ पचवणारं स्वादुपिंडाचं विकर फार कमी असतं, म्हणून त्याआधी पेज-खीर सुरू करत नाहीत. आणि याच सुमारास जन्मताना बरोबर आणलेला लोहाचा साठा संपत येतो, म्हणून त्यानंतर लांबवायचंही नाही. फक्त पेज आणि केळं यांत लोह जवळजवळ नाही. डाळ, नाचणी, पालेभाजी, आणि घरात चालत असेल तर अंडं, मासे, खिमा. मीठ-साखर वर्षभर नको. गाईचं दूध वर्षापर्यंत पेय म्हणून नको.

नाचणी सत्त्व दुकानातून आणलं तर साखर आहे का ते वाचा. घरी सोपं आहे: रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. मोड आणण्यामागे फार शहाणपण आहे. मोडात तेच पिष्ट फोडणारं विकर तयार होतं. असं पीठ चमचाभर घट्ट, कोमट लापशीत ढवळलं की ती पातळ होते, पाणी न वाढवता. बाळाचं जठर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे तुमच्या लेकीचं दोनशेच्या आसपास. त्यात पातळ पाणी भरलं की पोट भरतं आणि पोषण बाहेर राहतं.

निनाद_वारजे | २५ डिसेंबर

गाजर दिलंत की शीत गाजर दिसेल, पालक दिला की हिरवी, बीट दिलं की लाल. धाकट्याच्या वेळी बीटच्या शीवरून आम्ही रात्री अकराला रिक्षा शोधत होतो. आदल्या दिवशी काय खाल्लं ते आधी आठवा.

मृण्मयी_कोथरूड | २ जानेवारी २०२६

पाणी, तूप, मनुका, भोपळा. तिसऱ्या दिवशी मऊ झाली. आभार सगळ्यांचे.

मृण्मयी_कोथरूड | १० फेब्रुवारी २०२६, सकाळी ७.००

लग्नाहून आलो आणि कालपासून पाण्यासारखी शी, नऊ वेळा. दोन उलट्या, पांढऱ्याच. अंगावर पिते आहे. नऊला डॉक्टरांकडे निघतोय. काकू म्हणतात खालचे दात येतायत, त्याचे जुलाब आहेत, दोन दिवस खाणं-पिणं बंद ठेव.

कसबापेठ | १० फेब्रुवारी, सकाळी ७.१०

बंद काहीही ठेवायचं नाही. पाजत राहा. ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, पाकीट अर्धं करायचं नाही. चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटाला एक. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अजून सावकाश. प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर पोटात जायला हवं. टाळू खोल दिसली, डोळे आत गेले, सहा तास शू झाली नाही, मूल मलूल पडलं, शीत रक्त आलं, तर नऊची वाट पाहू नका.

पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिलेला हवा. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नाहीत. गेल्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांवर ते नाव छापायला बंदी केली, पण जुना माल दिसू शकतो. जास्त साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात.

सिंहगडरोडकर | १० फेब्रुवारी, दुपारी

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या किरकटवाडी-नांदेड भागात जीबीएसची (गिलॅन-बारे सिंड्रोम, यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) साथ आली. एनआयव्हीला, म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले, दोन्ही दूषित पाण्या-अन्नातून येणारे. तेव्हापासून आमच्याकडे पाणी खळखळून उकळल्याशिवाय कुणीच पीत नाही. फिल्टर आहे, तरीही. बाळाची वाटी-चमचाही त्याच पाण्याने.

दातांचं म्हणाल तर त्याच वयात मूल रांगायला लागतं आणि हाताला येईल ते तोंडात घालतं. जुलाब तिथून येतात, दाताचं फक्त नाव होतं.

सदाशिवपेठची_आजी | १० फेब्रुवारी, रात्री

मृण्मयी, डॉक्टर काय म्हणाले ते कळव. तोवर मला झोप नाही.

काकूंना रागावू नकोस. आम्हा सगळ्यांना तेच शिकवलं होतं. १९६८ साली माझ्या थोरल्या जावेचा मुलगा, नऊ महिन्यांचा, जुलाबाने गेला. दोन दिवस त्याला पाणी दिलं नाही. पाणी दिलं की जुलाब वाढतात असं घरातली सगळी मोठी माणसं म्हणत होती. तो भांड्याकडे हात करायचा. मी नवीन सून, भांडं माझ्या हातात होतं. मी दिलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कसबापेठ | १० फेब्रुवारी, रात्री ११.००

आजी, १९६८ मध्ये तुमच्या हातात ते ज्ञान पोचलेलंच नव्हतं. साखर आणि मीठ बरोबर गेले तर आजारी आतडंही ते पाण्यासकट आत घेतं, हे प्रयोगशाळेत नुकतं कळत होतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला. तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनी हे पाणी पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिलं, तुम्हीच पाजा म्हणाले. मृत्यू एकदम खाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. रोटाव्हायरसची लस तर फारच अलीकडची. आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही एक आहे. त्या वेळी यातलं काहीच नव्हतं. दोष तुमचा नाही.

मृण्मयी_कोथरूड | ११ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

आजी, ती बरी आहे. रात्रीत दोनच वेळा शी झाली, चार वेळा शू झाली. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही, झिंक दिलंय, २० मिलिग्रॅम, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करायला सांगितलंय. रात्रभर सासूबाईंनी चमच्याने पाजलं. तुमचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, आजींना सांग, आज प्रत्येक चमचा मोजून पाजलाय.

सदाशिवपेठची_आजी | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

त्यांना माझा नमस्कार सांग.

मृण्मयी_कोथरूड | १४ एप्रिल २०२६

साडेदहा महिने. चार दात, स्वतःच्या हाताने पोळीचा मऊ तुकडा वरणात बुडवून खाते. शेंगदाण्याचं कूट, अंडं, सगळं थोडं थोडं चालू आहे, अख्खा दाणा मात्र हाताला लागू देत नाही. मेमध्ये साताऱ्याला महिनाभर जातोय. ओआरएसची चार पाकिटं बॅगेत टाकली. आमरस देऊ का?

सदाशिवपेठची_आजी | १४ एप्रिल

दे की. आंबा आधी तास-दोन तास पाण्यात ठेव, देठाकडचा चीक काढून टाक. रायवळ असला तर रस गाळून घे, रेषा घशात अडकतात. साखर नको, दूध नको. पहिल्या दिवशी दोन चमचे, सकाळच्या जेवणाला, रात्री नको. आणि कोय हातात देऊ नकोस, फार निसरडी असते. सासूबाईंना विचार, त्यांच्याकडे पायरी येतो का. पायरीचा रस पातळ असतो, बाळाला बरा.